दोन छपरांचं पाणी

वणव्याला तिथीवार नसतो, आमच्याकडच्या पाण्याला असतो. केलगेरीच्या तळ्यापलीकडं अगदी टोकाला जी वस्ती आहे, तिथं नळ आठ दिवसांनी येतो. माळावरचं गवत पेटलं तो नेमका सातवा दिवस होता. सातव्या दिवशी घरात पाणी किती उरलंय हे धारवाडच्या बाईला विचारू नये. ती तांब्याच्या हिशेबात सांगेल, आणि वर तुम्हालाच चार गोष्टी ऐकवेल.

मी त्या दुपारी हुबळीत, गोकुळ रोडवरच्या आमच्या शेडमध्ये होते. शेतातले फवारणी पंप दुरुस्त करणं हा आमचा धंदा. आमचा म्हणजे आमच्या ह्यांचा, वसंतरावांचा. मी पंचवीस वर्षं शेजारी उभी राहून पाना दे, पाना घे करता करता शिकले. कुणी शिकवलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. त्या आठवड्यात ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं, धूर नको, धूळ नको, वाकणं नको. म्हणजे ते सगळं माझ्या वाट्याला.

फोन अंबूताईंचा होता, तळ्यापलीकडच्या त्याच वस्तीतून.

"विमल, माळ पेटलाय गं. तुझी घागर घेऊन ये."

घागर हे नाव लोकांनी ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी ह्यांनी द्राक्षबागेतलं एक जुनं फवारणी यंत्र भंगारातून उचलून त्याचा गाडा केला. दोन चाकं, हजार लिटरची टाकी, पेट्रोलवरचा पंप, लांबलचक नळ्या, आणि लोखंडी तिवयांवर बसवलेले चार फिरते फवारे. तिवया छपराच्या आढ्यावर चढवून बांधायच्या आणि पंप चालू करायचा. फवारे गोल फिरतात आणि कौलं, भिंती, भोवतालची दहा-बारा फूट जमीन भिजत राहते. आग विझवायचं हे यंत्र नव्हे. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. वणवा त्याच्या वाटेनं जाणारच. आपण त्याला एवढंच सांगायचं, की बाबा, हे घर ओलं आहे, तू पुढं हो. उडून आलेली ठिणगी ओल्या कौलावर मरते, वाळक्या वाशात संसार थाटते. सगळी विद्या एवढीच.

ही विद्या कुणाला नको होती. लोक शेडमध्ये बघायला येत, फवारे फिरायला लागले की "लग्नाच्या मांडवात लावायला छान आहे की हो" म्हणत, आणि चहा पिऊन जात. एकट्या अंबूताईंनी तेवढं नीट विचारलं होतं, "माझ्या मागशाळेला चालेल का गं?"

मी गाडा आमच्या छोटा हत्ती टेम्पोच्या मागं जोडला आणि निघाले. गाडी चालवायला मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्यामुळं वेगात चालवायचं राहून गेलंय. नवलूर ओलांडलं तेव्हाच पश्चिमेला धूर दिसायला लागला. वाटेत ह्यांचा फोन.

"कुठं पोचलीस?"

"गाडी चालवायलीय."

"मग फोन कशाला उचललास?"

"तुम्ही केलात म्हणून."

"बरं. संपात पाणी किती आहे ते आधी बघ."

संप म्हणजे जमिनीखालची टाकी. पुण्याची माझी जाऊ पहिल्यांदा आमच्याकडं आली, तेव्हा "संप भरलाय" ऐकून घाबरून विचारत होती, कसला संप, कुणी पुकारलाय? तिला समजावता समजावता मी हसून बेजार झाले होते. आता हसायला फार वेळ लागतो.

अंबूताईंच्या आवारात दोन इमारती आहेत. रस्त्याच्या बाजूला वृद्धाश्रम, नऊ माणसांचा. मागच्या बाजूला, माळाला लागून, अंबूताईंची मागशाळा. दोन्ही कौलारू, मधे साठ-सत्तर पावलांचं अंगण. मागशाळेत सात खड्डामाग. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं, असले जुने माग. ते उचलून नेता येत नाहीत, जिथं आहेत तिथंच असतात. अंबूताईंनी ते एकतीस वर्षांत एकेक करून उभे केलेले. त्यांचं लग्न झालेलं नाही. असं म्हटलं की त्या म्हणतात, "कोण म्हणतो? सात वेळा झालंय." सात बाया तिथं इरकली साड्या विणतात आणि त्यावर सात घरं चालतात. त्यांच्यातली सगळ्यांत तरबेज सीता. तिचा हात जेवढा चालतो तेवढीच जीभ.

मी पोचले तेव्हा आग माळाच्या वरच्या अंगाला होती. लांबून ती काही भयंकर दिसत नव्हती. एक बारीक लाल दोरी, माळावर आडवी पसरलेली, हळूहळू खाली येणारी. वारा मात्र आमच्याच दिशेनं होता.

आश्रमाची सिस्टर निवेदिता पाच चालत्या माणसांना व्हॅनमध्ये बसवून निघायच्या बेतात होती. उरलेले चौघं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी ॲम्ब्युलन्स सांगितलेली, पण ती यायला तास लागणार होता. अग्निशामक दलाच्या गाड्या कलघटगीच्या बाजूला दुसऱ्या वणव्यावर गेलेल्या, त्यांनीही तासच सांगितला. त्या दिवशी सगळ्यांकडं एकच उत्तर होतं.

मी संपाचं झाकण उचलून काठी बुडवली आणि ह्यांना फोन लावला.

"हातभर आहे."

"हातभर म्हणजे किती?"

"माझ्या हातानं."

"अगं, लिटर सांग."

"तीन हजार धरा."

"मग दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. दोन फवारे आश्रमावर, दोन मागशाळेवर. आणि ऐक, तिवई बांधताना..."

"ते मला येतं."

"येतं तर. पण सांगायलो."

फवारे चढवताना अंबूताई माझ्याजवळ आल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, पदर खोचलेला, खांद्यावर ओलं पोतं. आवाज एकदम शांत. त्यांनी विचारलं,

"विमल, सातही मागांवर ताणे चढलेत. कापून काढू का? कापले तर मागावरच्या साड्या गेल्या. पण फण्या, धोटे, सूत तरी बाहेर निघेल. सुटे होतात तेवढे लाकडी भागही निघतील. पोरी हाताशी आहेत, अर्ध्या तासात होईल."

ताणा म्हणजे मागावर ओढलेले उभे धागे. एकेका साडीला हजारोंनी लागतात, आणि एकेक धागा फणीच्या घरातून हातानं ओवायचा. सीतेचा ताणा आदल्याच दिवशी पुरा झाला होता. अकरा दिवस लागले होते त्याला.

मी छपराकडं बघितलं, संपाकडं बघितलं, आणि माळावरच्या त्या लाल दोरीकडंही. म्हटलं,

"काही कापू नका, ताई. तुमचं छप्पर मी वाळू देत नाही."

हे मी म्हटलं. मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

हिशेब असा होता की चालू-बंद करत तीन हजार लिटर जेमतेम दीड तास पुरेल. आग आवारापाशी यायला तासभर आणि ओलांडून जायला अर्धा. म्हणजे पुरेल, पण घासाघीस करून. म्हणून मी सीतेला स्कूटरवर वालमनकडं पिटाळलं. पाण्याच्या वाल्व्हची चावी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा माणूस तो आमच्याकडचा वालमन. त्या वस्तीचा वालमन फकीरप्पा, कंत्राटावरचा. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे वरून ठरतं, पण किल्ली त्याच्या हातात. एक दिवस आधी पाणी सोडशील का, एवढंच विचारायचं होतं. सीता वीस मिनिटांत परत आली.

"काय म्हणाला?"

"'नोडतीन्री' म्हणाला."

बघतो म्हणाला. आमच्याकडं बघतो म्हणजे नाही. सरकारी माणूस म्हणो, जावई म्हणो, नाहीतर आमचे हे. मी पाण्याची आशा तिथंच सोडली. ती माझी पहिली चूक. पण तिला चूक म्हणायचं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पंप सुरू केला. पंपाचा आवाज एवढा, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागतं. दहा मिनिटं चालू, दहा बंद. फवारे फिरायला लागले आणि दोन्ही छपरांची कौलं काळपट ओली झाली. सीता, वैशाली आणि बाकीच्या विणणाऱ्या बाया अंगणातला पाचोळा ओढून काढत होत्या, भिंतीलगतचं गवत कोयत्यानं सपासप कापत होत्या. मी एकदा आश्रमात डोकावले. खिडकीजवळच्या खाटेवर मुकुंदराव, एकेकाळचे वकील, छताकडं बघत पडलेले.

"विमलबाई, माझ्या उशीवर थेंब पडायलेत. पाऊस का?"

"पाऊसच समजा."

"मार्चमध्ये? मग माझी हरकत नोंदवून घ्या."

"नोंदवली."

"आणि छत्री द्या."

मी खाट दोन फूट सरकवली. कंबरेत कळ गेली. तशीच बाहेर आले.

जवळ आल्यावर आग लाल दोरीसारखी दिसत नाही. ती कढईत मोहरी तडतडावी तशी ऐकू येते, आणि धुरातनं अधूनमधून उंच होऊन बघते. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, संपात तेवढं नाही. तीन वाजले तेव्हा संपातलं पाणी ओढणारी नळी गुरगुरायला लागली. म्हणजे तळ. काठी घातली, चार बोटंच ओली निघाली. गाड्याच्या टाकीतलं धरून जेमतेम आठशे लिटर. आग अजून दोनशे पावलांवर. चार फवाऱ्यांना ते पंधरा मिनिटं पुरलं असतं, दोघांना अर्धा तास.

अंबूताई माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनीही ती काठी बघितली.

तेवढ्यात फाटकापलीकडं, रस्त्यावरच्या धुरात, फकीरप्पाची मोटरसायकल थांबली. तोंडाला टॉवेल बांधलेला. तो आत आला नाही. एक हात वर करून जोरजोरात हलवला आणि ओरडला,

"अक्कार! नळ बंद..."

पुढं काही होतं की नव्हतं, पंपानं खाल्लं. गाडी वळवून तो आला तसा निघून गेला.

नळ बंद. मला धक्कासुद्धा बसला नाही. जे ठाऊक होतं तेच तो सांगून गेला. बिचारा सांगायला तरी आला, असं मनात येऊन गेलं.

मग मी अंबूताईंच्या कानाशी तोंड नेलं.

"ताई, पाणी नाही. उरलंय ते माणसांकडं ठेवते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फाटकाकडं, फकीरप्पा गेला त्या रस्त्याकडं. मग परत माझ्याकडं. त्या काहीतरी बोलणार असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या,

"ठेव."

मागशाळेकडं जाणाऱ्या नळीची तोटी मी माझ्या हातानं फिरवली. फवारे दोन चकरा रेंगाळले आणि थांबले.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. कौलं वाळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, एवढं ऊन आणि एवढा वारा. बाया आत धावल्या. आता ताणे कापायलाही वेळ नव्हता. हाताला लागेल ते ओढून बाहेर आणलं. सुताचे तीन गठ्ठे, पाच-सहा धोटे, देवाचा फोटो, चहाचं पातेलं. सीता परत आत निघाली तेव्हा मी तिच्या कंबरेला मिठी मारून तिला धरून ठेवलं. ती मला शिव्या देत होती, कानडीत. कानडीतल्या शिव्या लांब असतात, पुऱ्या होईपर्यंत आढं पेटलं होतं. ठिणगी कौलाखालच्या वाशात कधी शिरली, कुणाला दिसलं नाही. आत कोरडं लाकूड आणि कापूस. सात माग अर्ध्या तासात गेले.

आश्रमाची भिंत तापली, पण छप्पर ओलं होतं. आग तिला वळसा घालून तळ्याकडच्या खडकाळीत गेली आणि तिथं मेली. मुकुंदरावांच्या उशीवरचा डाग सोडला तर आत काही झालं नाही. चारच्या सुमारास बंब आला, मागोमाग ॲम्ब्युलन्स. सगळे म्हणाले, विमलक्कानं चार जीव वाचवले. एकानं माझा फोटो काढला. मी तोंड पुसायच्या आत.

बंबाची माणसं मागशाळेवर पाणी मारत होती, तेव्हा सीता तोंड धुवायला फाटकाजवळच्या नळाकडं गेली. आमच्याकडं पाण्याला जोर नसतो म्हणून नळ जमिनीत खड्डा करून त्यात बसवतात. त्याला नळी जोडून ती संपात सोडली तरच संप भरतो. ती खड्ड्यात उतरली, सवयीनं तोटी फिरवली. पाणी धाडदिशी तिच्या तोंडावर आलं.

ती तशीच उभी राहिली. निथळत.

"आत्ता आलं बघा मेलं!" ती ओरडली. "ताई, बघा, आत्ता आलं! सगळं जळून गेल्यावर सोडलंय त्या फकीरप्पानं! नोडतीन म्हणाला होता. हे बघितलं त्यानं?"

बाकीच्या बायांनी फकीरप्पाचं खानदान काढलं. मी ऐकत होते आणि मलाही ते खरं वाटत होतं. मी तर मनात दोन शब्द घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फवारे उतरवायला गेले. अंगातलं प्रत्येक हाड वेगवेगळं दुखत होतं. फाटकात फकीरप्पा उभा होता, मोटरसायकलला टेकून. बाया अंगणात राख उपसत होत्या, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. पाच वर्षं त्या फाटकात त्याला चहा मिळत आलाय. त्या दिवशी कुणी 'ये' सुद्धा म्हटलं नाही. मला बघून तो पुढं आला. डोळे लाल. रागावला नव्हता. खरोखर कोड्यात पडला होता.

"नीर याक हिडीलिल्री, अक्कार?"

पाणी का नाही भरलंत, अक्का?

"कुठलं पाणी?"

"तीन वाजता सोडलं की! दुसऱ्या गल्लीचं तोडून इकडं वळवलं. ते लोक वाल्व्हपाशी येऊन माझ्या अंगावर धावून आले, म्हणून तुम्हाला सांगून तसाच पळालो. सांगितलं होतं की, 'नळ बंदाव' अंत होयकोंड्नल्री!"

नळ बंदाव, म्हणून ओरडलो होतो की.

बंदाव. आले. कानडीत नळ आले. आठ दिवसांनी गल्लीत ही आरोळी उठली की आम्ही पोरं पाटीवरचा अभ्यास टाकून घागरीकडं धावायचो. माझं अर्धं आयुष्य या एका शब्दावर भरलेलं आहे. मी कानडी शाळेत शिकले, स्वप्नंसुद्धा कधीकधी कानडीत पडतात. आणि बावन्न वर्षांत ज्या दोन शब्दांत माझा एकदाही गोंधळ झाला नाही, त्यातला नको तो मी त्या दुपारी उचलला. तो कानडीत म्हणाला नळ आले. मी मराठीत ऐकलं नळ बंद. पंपाचा आवाज होता हे खरं. पण खरं तर मी थकले होते, आणि थकलेला कान सोयीची भाषा धरतो. मी 'नाही'च ऐकायला बसले होते, 'नाही'च ऐकलं.

फकीरप्पाला मी काय सांगितलं ते आठवत नाही. तो म्हणाला, बाया माझ्याविरुद्ध अर्ज देणार म्हणून ऐकलंय. उशिरा सोडलं म्हणून अर्ज गेला तर कंत्राट गेलं. आणि लवकर सोडलं हे मी वर सांगू शकत नाही, अक्का, सांगितलं तरी कंत्राट गेलंच. एवढं बोलून तो हसला. हसण्यासारखंच होतं ते.

अंबूताई मागशाळेत होत्या. छप्पर नसलेल्या जागेला शाळा म्हणायचं तर. सात खड्डे तेवढे दिसत होते, राखेनं भरलेले. त्या तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसल्या होत्या, विणायला बसावं तशा.

मी समोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. सजवलं नाही, सगळं सांगितलं. पाणी तीनला आलं होतं. तो तसं सांगायला आला होता. मी उलटं ऐकलं. नळी जोडली असती तर दोन्ही छपरं ओली राहिली असती. तुम्ही ताणे कापू का म्हणून विचारत होता, मी नको म्हटलं. ते तरी वाचलं असतं.

अंबूताई पुढं वाकल्या. राखेतून एक काळी पडलेली फणी उचलून तिचे दात बोटानं चाचपत राहिल्या. मी म्हटलं, "ताई, काहीतरी बोला. शिव्या द्या, सीतेसारख्या."

"मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो बंदाव म्हणाला, ते. मी फाटकाच्या अंगाला उभी होते, मला नीट ऐकू आलं."

मी त्यांच्यासमोर, खड्ड्याच्या दुसऱ्या काठावर बसले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू लगेच म्हणालीस, पाणी नाही, माणसांकडं ठेवते. मला वाटलं, आलेलं पाणी संपात पडेपर्यंत वेळ जाईल, तेवढा आपल्याकडं नाही असं तू ठरवलंस. यंत्र तुझं, त्यातलं तुला कळतं. मी कोण सांगणार?" त्या थांबल्या. "आणि तेवढंच नाही गं. आत चार माणसं पडलेली. त्यांच्या भिंतीपलीकडं उभं राहून 'माझ्या मागांना पाणी दे' हे माझ्या तोंडातनं निघेना. तोंड उघडलं होतं मी. लाज वाटली."

"पण दोन्हींना पुरलं असतं, ताई."

"ते आत्ता कळतंय."

म्हणजे एकीनं चुकीचं ऐकलं आणि एकीनं बरोबर ऐकून गिळलं. दोघी पन्नाशी उलटलेल्या, शहाण्या म्हणवणाऱ्या. पाणी आमच्यापासून तीस पावलांवर, बंद तोटीच्या आत, येऊन थांबलेलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. त्यांना माझा आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. राग यायलाही अंगात थोडी धग लागते.

"फकीरप्पाचं कसं करायचं?" मी विचारलं.

"त्याचं काय?"

मी अर्जाचं सांगितलं. अंबूताईंनी फणी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा हलला.

तेवढ्यात सीताच आली. हातात कागद, पदराला पेन अडकवलेलं. कागदावर कानडीत सुवाच्य अक्षरात अर्ज आणि खाली सात सह्या. तिचे डोळे सुजलेले होते, पण अक्षर कुठंही हललं नव्हतं.

"ताई, तुमची सही. तुमच्या सहीशिवाय वजन नाही. वैशालीच्या नवऱ्यानं सांगितलंय कुठं द्यायचा ते. त्या माणसाला सोडायचा नाही आपण. अक्का, तुम्ही साक्षीदार. तुम्हीच मला पाठवलेलं."

अंबूताईंनी कागद घेतला, वाचला, पेन मागून घेतलं. क्षणभर मला वाटलं, त्या सही करतील. आणि तेवढ्याच वेळात मलाही वाटून गेलं की करू देत. हे खोटं कशाला बोलू. फकीरप्पा कंत्राटावरचा. आज इथं, उद्या दुसरीकडं. सीता मात्र मला कायम भेटत राहणार.

"बस, सीता," अंबूताई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही ताई, ऑफिस..."

"बस गं. विमलला काही सांगायचंय. मलाही."

सीता बसली, तिच्या स्वतःच्या खड्ड्याच्या काठावर. मी सुरुवात केली. पाणी तीन वाजता आलं होतं, इथून. मी कानडी शब्द सांगितला, मराठी शब्द सांगितला. दोन्ही शब्द नुसते शेजारी ठेवले की किती सारखे दिसतात. माझं झाल्यावर अंबूताईंनी त्यांचं सांगितलं. त्यांनी स्वतःकडं जास्तच ओढून घेतलं, मी अडवायला गेले तर हातानं थांबवलं.

"ताई, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"आणि अक्का, तुम्हाला नाही?"

"मलाही आलं होतं. चुकीचं."

सीतेनं समोरच्या राखेत बघितलं. अकरा दिवसांचा ताणा तिथं होता, आता कुठला धागा कुठला ते देवालाही सांगता आलं नसतं. पलीकडं बाया घमेलं आपटून रिकामं करत होत्या. फाटकातून मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि बंद पडला. फकीरप्पाची गाडी तशीच आहे, तीन किका लागतात.

तिनं अंबूताईंच्या हातातून कागद काढून घेतला. चांगला सरळ केला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, सह्यांपर्यंत. मग विचारलं, आवाज न चढवता,

"आता हा कुणाच्या नावानं द्यायचा?"